पंक्चर कशाने होते, ते आधी पाहा

रोडबाइक नवी घेतलेल्या माणसाचा पहिला महिना गिअर, सीटची उंची आणि क्लीटचे बूट यांच्याशी जुळवून घेण्यात जातो. पुढे कधीतरी, शिरवळ ओलांडल्यावर किंवा खोपोलीच्या अलीकडे, त्याच्या मागच्या चाकातली हवा जाते. मग तो भेटेल त्या जुन्या सायकलस्वाराला विचारतो, "पंक्चर होणार नाही असा टायर कोणता?" उत्तरादाखल त्याला एका कंपनीचे नाव मिळते. काही हजार रुपये मोजून तो टायर बसवतो. काही आठवड्यांनी पुन्हा हवा जाते आणि त्या नावावरचा त्याचा विश्वास उडतो. ही पुस्तिका त्या माणसासाठी आहे. टायर निवडण्याआधी त्याने एक गोष्ट शोधायला हवी होती : पहिल्या वेळी ट्यूबमध्ये नेमके काय घुसले होते? ते माहीत नसेल तर महागडा टायरही अंदाजानेच घेतला जातो.

खरे तर सायकलवर पंक्चर न होणारा टायर आधी आला आणि पंक्चर होणारा नंतर. १८७० च्या दशकातल्या उंच चाकांच्या सायकलींवर भरीव रबराची पट्टी असे. तिला काटा लागला तरी काही बिघडत नसे, पण दगडी रस्त्याचा प्रत्येक हादरा स्वाराच्या हाडांपर्यंत पोचे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते. ते घोडागाड्यांसाठी होते आणि पुढे विस्मरणात गेले. बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेची नळी बनवली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या स्वाराने बेलफास्टच्या शर्यतींत हवेच्या टायरवर भरीव टायरवाल्यांना मागे टाकले, आणि काही वर्षांतच शर्यतीच्या सायकलींवरून भरीव रबर नाहीसे झाले. हवेचा टायर हलका होता, रस्त्यावरच्या खडबडीला सामावून घेत होता आणि कमी ताकदीत जास्त वेग देत होता. बदल्यात लोकांनी पंक्चर पत्करले.

ही देवघेव सुसह्य केली ती एदुआर आणि आंद्रे मिशेलँ या फ्रेंच भावांनी. डनलॉपचा टायर रिमला चिकटवलेला असे. तो सोडवून, आतली नळी दुरुस्त करून पुन्हा चिकटवायचा तर तासन् तास जात आणि गोंद वाळायला रात्र लागे. मिशेलँ बंधूंनी १८९१ मध्ये रिमवरून सुटा करता येणारा टायर बनवला. त्याच वर्षीच्या पहिल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ तो टायर घेऊन उतरला. वाटेत पंक्चर झाली तरी सुमारे १,२०० किलोमीटर सुमारे ७१ तासांत संपवून तो पहिला आला. मला या इतिहासात रस आहे तो एवढ्यासाठी, की टायरची सगळी पुढची प्रगती या दोनच वाटांनी झाली आहे : काटा आत येऊ द्यायचा नाही, किंवा आलाच तर झटपट निस्तरायचा. दुकानातला प्रत्येक टायर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभा आहे, आणि आत येऊ न देण्याच्या बाजूला जितके सरकावे तितका वेग आणि मऊपणा कमी होतो.

आता आपल्या रस्त्यांवर टायरमध्ये घुसते तरी काय, ते पाहू. हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे.

महामार्गावर सर्वांत त्रासदायक आहे ती तार. ट्रकच्या रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचे जाळे असते. टायर फुटला की त्याची लक्तरे साइडपट्टीवर पडतात, वाहनांखाली भरडली जातात आणि केसासारख्या बारीक तारांचे तुकडे डांबरावर विखुरतात. सायकलस्वार चालतो तो नेमका याच पट्ट्यातून. हा तुकडा मिलिमीटरपेक्षा कमी जाड असतो. तो विणलेल्या धाग्यांच्या फटीतून सरळ आत जातो, म्हणून धाग्यांचे संरक्षक कापड त्याच्यापुढे बऱ्याचदा हरते. हवा एकदम जात नाही, हळूहळू उतरते. वाटेत ट्यूब बदलली आणि तार टायरमध्येच राहिली, तर दहा-वीस किलोमीटरवर पुन्हा तेच. एकाच दिवशी तीन पंक्चर झाल्याच्या ज्या कहाण्या आपण ऐकतो, त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी न सापडलेली तार असते. तिच्यासाठी खिशात बारीक टोकाचा चिमटा हवा. आणि टायर घ्यायचा तर आत जाड रबरी थर असलेला, कारण तारेची लांबी संपेल इतकी जाडी मध्ये असणे हाच तिच्यावरचा भरवशाचा उपाय.

काचेचे वागणे वेगळे. ती सहसा एका फटक्यात आत जात नाही. २५ किंवा २८ मिलिमीटर रुंदीच्या रोड टायरचा घेर साधारण २.१ मीटर असतो, म्हणजे किलोमीटरमागे चाक सुमारे पावणेपाचशे वेळा फिरते. रबरात रुतलेला काचेचा कण तेवढ्या वेळा आत ठोकला जातो आणि कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ट्यूबपर्यंत पोचतो. म्हणून काचेवर सर्वांत स्वस्त उपाय टायरच्या किमतीत मोडतच नाही. घरी आल्यावर चाक उजेडात हळू फिरवायचे, रुतलेले कण पिनेने उकरून काढायचे, बस. पावसात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. रबर कापणारे कारागीर पाते ओले करून घेतात, कारण ओले पाते रबरात सहज सरकते. ओली काचही तशीच सरकते. शिवाय पाण्याबरोबर कडेची सगळी कचखडी रस्त्यावर येते आणि ओल्या टायरला चिकटून राहते. जून-जुलैमध्ये पंक्चर वाढतात त्याची ही कारणे.

काट्यांचे राज्य महामार्ग सोडून आत शिरल्यावर सुरू होते. बाभळीचा काटा लांब, सरळ आणि टणक. सोलापूर, बीड, नगरकडच्या रस्त्यांवर वेडी बाभूळ डांबराच्या कडेपर्यंत आलेली असते. शेताच्या कुंपणासाठी बोरी-बाभळीच्या फांद्या रस्त्यावरून ओढत नेल्या की मागे काट्यांचा सडा पडतो. असा रस्ता ओळखता येतो, आणि निदान त्या पट्ट्यात रस्त्याच्या मध्याकडे सरकून चालवता येते.

सराटे मात्र दिसत नाहीत. ही जमिनीवर पसरणारी, पिवळ्या फुलांची वेल आपल्याकडे औषधी गोखरू म्हणूनही माहीत आहे. तिचे फळ वाळले की पाच तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्यावरचे काटे असे फाकलेले असतात की तो कसाही पडला तरी एखादे टोक वर राहते. पावसाळ्यानंतर वेल सुकते आणि हे तुकडे वाऱ्याने, पायांनी, टायरांनी पसरतात. हीच वनस्पती अमेरिकेच्या पश्चिम भागात पोचली आणि तिथल्या सायकलस्वारांची डोकेदुखी झाली. १९६१ मध्ये तिथे तिच्या नाशासाठी सोंड्या भुंग्यांच्या दोन जाती मुद्दाम आणून सोडल्या. एक जात बियांवर जगते, दुसरी खोडावर. आयडाहो राज्यातल्या बॉइझी शहरात २०१८ पासून सायकलींचा एक उत्सव भरतो, आणि त्याच्या निमित्ताने लोक ही वेल पिशव्या भरभरून उपटून आणतात. तिथल्या स्वारांनी काढलेला निष्कर्ष आपल्यालाही लागू पडतो : सराट्यांच्या वाटेवर रोज जायचे असेल तर टायरमधल्या संरक्षक पट्ट्यावर विसंबू नये, आत द्रव सीलंट असावे. एका वळणावर वीस काटे घुसले तरी ते छिद्रे बुजवते. वीस काटे अडवणारा पट्टा रोडबाइकच्या वजनात आणि वेगात बसत नाही.

चौथे कारण बाहेरून येतच नाही. टायरमध्ये हवा कमी असली आणि चाक खड्ड्याच्या धारेवर आदळले, तर ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. रिमवरची टेप सरकली असेल तर आरेच्या छिद्राची कड ट्यूबला आतल्या बाजूने कापते. ही दोन्ही पंक्चर जगातल्या सर्वांत जाड टायरमध्येही होतात. म्हणून फुटलेली ट्यूब फेकण्याआधी छिद्र कुठे आहे ते पाहावे. दोन चिरा दिसल्या तर पंपाकडे वळा. छिद्र आतल्या अंगाला असेल तर रिम टेप तपासा. बाहेरच्या अंगाला एकच टोचा असेल, तरच टायर बदलण्याचा विचार सुरू होतो. टायर बसवताना त्यावरचे कंपनीचे नाव व्हॉल्व्हच्या बरोबर समोर आणावे, अशी जुन्या मेकॅनिकांची शिस्त आहे. ट्यूबमधले छिद्र व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे हे मोजले की टायरमध्ये तार नेमकी कुठे शोधायची ते कळते.

टायरच्या आत काय असते हे कळले की जाहिरातीतली अर्धी भाषा आपोआप उलगडते. सर्वांत आत धाग्यांचे कापड, त्याला केसिंग म्हणतात. वर रस्त्याला लागणारे रबर. या दोहोंच्या मध्ये, फक्त मधल्या पट्ट्यात, संरक्षक थर. केसिंगमध्ये एका इंचात किती धागे आहेत त्याचा आकडा टीपीआय म्हणून छापलेला असतो. ६० चे कापड जाड धाग्यांचे, १२० चे बारीक. काही टायरांवर ३३० लिहिलेले दिसते. तिथे बहुधा ११० धाग्यांचे तीन पदर मोजलेले असतात. आकडा मोठा म्हणजे टायर मजबूत, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात बारीक धाग्यांचे कापड लवचीक असते, वेगवान असते आणि बाजूने लवकर कापले जाते.

केव्हलारच्या बाबतीत असाच घोटाळा होतो. ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये या धाग्याचा शोध लावला, आणि तो शोध सुरू झाला होता तो मोटारीच्या टायरमधल्या पोलादाला हलका पर्याय हवा म्हणून. आज सायकलच्या टायरवर केव्हलार हा शब्द दिसला की तो कुठे वापरला आहे हे विचारायला हवे. घडी घालता येणाऱ्या टायरमध्ये तो रिमला धरून ठेवणाऱ्या कडेत, तारेच्या जागी असतो. त्याने टायरचे वजन कमी होते, पंक्चरशी त्याचा काही संबंध नसतो. संरक्षणासाठी तो रस्त्याकडच्या रबराखाली पट्टा म्हणून असावा लागतो. दुकानदार "केव्हलारवाला आहे" एवढे म्हणाला तर कोणत्या जागी, हे स्पष्ट करून घ्या.

संरक्षक थर मोटामोटी दोन प्रकारचे. एक विणलेला, पातळ, घट्ट. कॉन्टिनेंटलच्या ग्रँड प्री ५००० मध्ये व्हेक्ट्रान धाग्याचा एक पदर असतो, त्याच कंपनीच्या फोर सीझनमध्ये दोन. शिवाय फोर सीझन आणि कॉन्टिनेंटलचाच गेटरस्किन यांच्या बाजूंवर तपकिरी जाळीदार कापड असते, ते खडीच्या धारेपासून टायरची कूस वाचवते. काच आणि चिरा यांच्यापुढे असे थर चांगले काम देतात. दुसरा प्रकार जाड, लवचीक रबराचा. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये हा थर ५ मिलिमीटर जाड असतो. ड्रॉइंग पिन पूर्ण रुतली तरी तिचे टोक ट्यूबपर्यंत पोचत नाही. संरक्षक थरांमध्ये तारेवर आणि काट्यावर याच्याइतका खात्रीचा उपाय माझ्या पाहण्यात नाही. पण त्याचे वजन शर्यतीच्या टायरच्या अडीच पटीहून जास्त भरते आणि तो रिमवर चढवताना अंगठे दुखतात.

ही जाडी वेगात किती महाग पडते? टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि पुढे जाऊन पुन्हा फुगतो. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, काही भाग उष्णता होऊन जातो. रबर जितके जाड तितके हे नुकसान जास्त. ताशी तीसच्या आसपासच्या वेगाला चाचणीच्या ड्रमवर वेगवान टायर दर चाकामागे १० वॅटच्या आसपास खातो. संरक्षणाकडे झुकलेला टायर याच्या जवळपास दुप्पट खातो, आणि पाच मिलिमीटरचा थर असलेला त्याहूनही अधिक. दोन चाकांचा फरक २० वॅट धरू. दिवसभर १५० वॅटने पेडल मारणाऱ्या माणसाचा सपाटीवरचा वेग त्याने साधारण पाच टक्के कमी होतो. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरल्या वेळेत संपवायच्या लांब फेरीत, प्रत्यक्ष सायकल चालवण्याचे आठ तास धरले, तर हा हिशोब चोवीस मिनिटांचा होतो. सरावलेला माणूस एक पंक्चर दहा-पंधरा मिनिटांत काढतो. म्हणजे २०० किलोमीटरला दोन पंक्चर वाचत असतील तर हिशोब बरोबरीत सुटतो. वर्षाकाठी दोन-तीन पंक्चर होणाऱ्याने निव्वळ वेळेसाठी असा टायर घेऊ नये. रोज पहाटे साडेपाचला निघून नऊला कामावर पोचणाऱ्याचे, किंवा रात्री एकटीने घाट उतरणाऱ्या स्त्रीचे गणित निराळे असते. तिथे मिनिटे मोजून भागत नाही, आणि त्यांनी जाड टायर घ्यावा असेच मी सांगेन.

यावर एक मधला मार्ग आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात. दोन्ही चाकांना सारखाच टायर असण्याचे काही कारण नाही. स्वाराचे जास्त वजन मागच्या चाकावर पडते, आणि पुढचे चाक आडवी पडलेली तार उचकटून उभी करते ती नेमकी मागच्या चाकासाठी. पंक्चर मागेच जास्त होतात हा सर्वांचा अनुभव आहे. मग मागे संरक्षक टायर लावावा आणि पुढे मऊ, पकड चांगली असलेला. पैसे वाचतात, वेगही फार जात नाही. दोन्हीकडे सारखाच टायर असेल, तर मागचा झिजून मधोमध चपटा झाला की पुढचा मागे न्यावा आणि नवा पुढे लावावा. याच्या उलट कधीच करू नये. मागचा टायर फुटला तर सायकल सावरता येते. उतारावर पुढचा फुटला तर बहुतेक वेळा सावरता येत नाही.

रुंदीबद्दल माझे मत ठाम आहे : तुमच्या फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये २८ मिलिमीटरचा टायर बसत असेल तर २५ चा घेऊ नका. पंधरा-वीस वर्षांपूर्वी २३ हाच रोडबाइकचा नियम मानला जाई. नंतर व्यावसायिक शर्यतींतले संघ २५ वर आणि पुढे २८ वर आले, आणि ते आरामासाठी नव्हे. सारख्या दाबाला रुंद टायर सहज गडगडतो. शिवाय त्यात हवा कमी दाबाने ठेवता येते, त्यामुळे खडबडीत डांबरावर सायकल आणि स्वार यांना हादरण्यात जी ताकद वाया जाते ती वाचते. पंक्चरच्या दृष्टीने फायदा असा की आत हवेची उंची जास्त असल्याने ट्यूब चिमटण्याची शक्यता घटते. आपले रस्ते पाहता २८ ही किमान रुंदी समजावी. घेण्याआधी फ्रेम आणि टायर यांच्यात चारही बाजूंनी बोटाच्या पेराएवढी नाही तरी चार-पाच मिलिमीटर मोकळी जागा राहते का ते मोजा, कारण रुंद रिमवर २८ चा टायर ३० पर्यंत पसरू शकतो.

हवेच्या दाबाला लोक कमी महत्त्व देतात. टायरच्या बाजूवर जो आकडा छापलेला असतो ती कमाल मर्यादा असते, आणि बरेच जण तिथपर्यंत पंप मारतात. दगडासारखा कडक टायर टोकदार खड्यावर दबत नाही, त्यामुळे खड्याचे टोक एका बिंदूत सगळा भार घेऊन रबरात शिरते. फार कमी हवा असेल तर ट्यूब चिमटते. सायकलवर बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या सुमारे १५ टक्के बसावा, असा ठोकताळा अमेरिकन तंत्रलेखक फ्रँक बर्टो यांनी मांडला. ७० किलोच्या स्वाराने २८ च्या टायरला ट्यूब असताना ७० ते ८५ पीएसआयच्या दरम्यान सुरुवात करावी, पुढे थोडी कमी, मागे थोडी जास्त. ब्यूटाइल ट्यूबमधूनही हवा आपोआप कमी होत असते, म्हणून दर आठवड्याला काटा असलेल्या पंपाने मोजायला हवी. अंगठ्याने दाबून पाहिल्याने ६० आणि ९० मधला फरक कळत नाही.

ट्यूबलेसबद्दल विचारणारे वाढले आहेत. रोडसाठी अशी चाके आणि टायर २००६ च्या सुमारास शिमानो आणि हचिन्सन यांनी आणले, आणि आता नव्या महागड्या सायकलींवर ते सर्रास दिसतात. आतले द्रव सीलंट दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचे छिद्र चालता-चालता बुजवते. सराट्यांसाठी याला तोड नाही, बारीक तारांसाठीही ते उपयोगी पडते. पण विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सीलंट झपाट्याने वाळते. दोन महिन्यांनी टायर उघडून पाहावे लागते, नाहीतर आत नुसती पापडी उरते आणि स्वार मात्र निर्धास्त असतो. मोठी चीर पडली तर रबरी प्लग खुपसावा लागतो, आणि तोही पुरला नाही तर चिकट टायरमध्ये ट्यूब घालावीच लागते. ज्याला सायकलची देखभाल हौसेने करायची आहे त्याने ट्यूबलेस जरूर घ्यावे. ज्याची सायकल दोन महिने गॅलरीत उभी राहते आणि मग एका रविवारी बाहेर निघते, त्याने ट्यूबच ठेवावी. हुक नसलेल्या रिमबद्दल एक सूचना : त्यांवर फक्त त्यांच्यासाठी मंजूर केलेले ट्यूबलेस टायर चालतात आणि दाबाची मर्यादा ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयच्या आसपास असते. नेहमीचा दणकट टायर तिथे बसवला तर तो रिमवरून निसटू शकतो आणि ते जीवावर बेतू शकते.

शेवटी गावच्या पंक्चरवाल्याबद्दल. महाराष्ट्रात कुठल्याही फाट्यावर पाण्याचे घमेले, किसणी आणि सोल्युशनची ट्यूब घेऊन बसलेला माणूस भेटतो. त्याच्या हातचा पॅच आपल्या हातच्या पॅचपेक्षा चांगला बसतो, आणि तो चार शब्द विचारून चहाही पाजतो. पण रोडबाइक त्याच्या दुकानाच्या मापात बसत नाही. त्याच्याकडचा २८ इंची टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमसाठी असतो, आपली ७०० सी रिम ६२२ ची. तो टायर आपल्याला कधीच बसणार नाही. त्याच्या कॉम्प्रेसरचे तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचे, आपला व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टाचा. तेव्हा प्रेस्टाला लावायचा छोटा पितळी ॲडाप्टर सीटखालच्या पिशवीत कायम ठेवा. तो नसल्यामुळे हवेने भरलेल्या टाकीशेजारी उभे राहून कोरड्या चाकाकडे पाहण्याची वेळ अनेकांवर आली आहे. टीपीयू या प्लास्टिकच्या अतिहलक्या ट्यूबवर त्याचे नेहमीचे सोल्युशन चिकटत नाही, त्यांचे पॅच वेगळे मिळतात. ते नसतील तर एक साधी ब्यूटाइल ट्यूब सोबत असू द्या. टायरच फाटला तर आतून लावायला रिकाम्या टूथपेस्टच्या ट्यूबचा कापलेला तुकडा पुरतो, आणि तेवढ्यावर हळूहळू घर गाठता येते.

पुढच्या प्रकरणांत टायरांची नावे, वजने आणि मापे येतील. दुकानातले टायर दर दोन वर्षांनी बदलतात, म्हणून ती प्रकरणे जुनी होतील. घुसणाऱ्या वस्तू बदललेल्या नाहीत. म्हणून वाचकाला माझी विनंती आहे की पुढच्या पंक्चरच्या वेळी घाईने ट्यूब बदलून निघू नका. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. तो अडकेल तिथे थांबा आणि आत शिरलेली वस्तू बाहेर काढून पाहा. ती तार होती, काच होती की काटा, आणि कोणत्या रस्त्यावर मिळाली, हे एका वहीत लिहा. पाच-सहा नोंदी झाल्या की ती वही घेऊन दुकानात जा.